बिनचटक्याचा डाग

अनोळखी बायकांसमोर शर्ट वर करून पोट दाखवणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला.

माझ्या नोकरीचा पहिला आठवडा होता. कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात. माझं काम बोलण्याचं. खेड्यापाड्यातून आलेल्या आयांना, आज्यांना, पोराला काय झालंय, औषध कसं पाजायचं, घरी गेल्यावर काय सांभाळायचं, हे त्यांच्या बोलीत समजावून सांगायचं. मला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मी पेठेत वाढलेली, तोंडाची फटकळ. "हिला कुणी गप्प बसवू शकणार नाही, हीच ठेवा," असं मोठे डॉक्टर मला नेमताना म्हणाले होते. त्यांचा अंदाज किती चुकला ते पुढे येईलच.

तर त्या दिवशी एक बाई तान्हं पोर घेऊन आली होती. पोराची छाती भाता चालावा तशी चालली होती. डॉक्टरांनी झबलं वर केलं, तर बेंबीच्या बाजूला ताजा, काळपट चट्टा. आमच्या भागात लहान पोराला छाती भरून धाप लागली, पोट उडायला लागलं, की 'डबा झाला' म्हणत. न्यूमोनियाच तो. आणि डब्यावरचा घरोघरचा जुना इलाज म्हणजे डाग. बांगडी नाहीतर विळ्याचं टोक लालभडक तापवायचं आणि पोराच्या पोटाला टेकवायचं.

डॉक्टर चट्ट्याकडे बघत राहिले. मग एकाएकी त्यांनी शर्ट विजारीतून ओढून काढला आणि त्या बाईसमोर पोट उघडं केलं. मी तोंडावर पदर घेतला.

"हा बघा डाग," ते म्हणाले. "मलाही दिला होता. कबनूरला, माझ्या आजीनं. नीट बघा. यानं मी बरा झालो नाही. जळलो फक्त."

बेंबीच्या डाव्या अंगाला बांगडीच्या अर्ध्या तुकड्यासारखी पांढरट खूण होती. ती बाई वाकून ती खूण न्याहाळत म्हणाली, "आवं डाक्टर, पर तुमी जगलासा की!"

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरांनी शर्ट खोचला आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "बाई, हिला तुम्ही समजावा. मला जमत नाही."

हा खेळ मी नंतर पुष्कळदा पाहिला. पोटावर डाग घेऊन पोर आलं की शर्ट वर. त्याचा उपयोग व्हायचा तो उलटाच. डाग दिलेला माणूस वाढून डॉक्टर होतो, याचा चालताबोलता पुरावाच बायकांना मिळायचा. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

त्यांचं घर कबनूरचं, विणकराचं. वडील मागावर. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे की काय, ते बोलायचे मोठ्यानं आणि ऐकायचे डोळे मिटून. घरात दख्खनी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि मग ऐन उमेदीची कितीतरी वर्षं डॉक्टरी शिकायला रशियात. परत आले तेव्हा त्यांचं मराठी धड्यातल्यासारखं झालं होतं. "आपल्या मुलाचे श्वसन सुधारत आहे," असं ते राधानगरीकडच्या म्हातारीला सांगायचे. म्हातारी माझ्याकडे बघायची.

"काय म्हणत्यात गं?"

"बरं हाय म्हणत्यात पोरगं."

"मग तसं म्हणायला काय झालं?"

थंडीत ते केसाळ रशियन टोपी घालून सायकलवरून यायचे. सायकलला घंटी नव्हती. तोंडात जत्रेतली पिपाणी धरून ती वाजवत गर्दीतून वाट काढायचे. गंगावेशीत धारेला उभ्या म्हशी बिथरायच्या आणि गवळी शिव्या घालायचे. डॉक्टर उतरून त्यांना शांतपणे सांगायचे की तुम्हीही वाजवा, फुफ्फुसाला चांगलं असतं.

श्वास हेच त्यांचं वेड. पोराला तपासताना नळी कानाला लावायच्या आधी ते खाटेशेजारी बसायचे आणि पोर जसा श्वास घेतंय तसा स्वतः घ्यायला लागायचे. पोराची धाप ती त्यांची धाप. चेहरा लाल व्हायचा, कपाळावर घाम यायचा. नव्या नर्सला वाटायचं, डॉक्टरांनाच काहीतरी होतंय. मग थांबून म्हणायचे, "बघा बाई, हा मुलगा सकाळपासून असा जगतो आहे. मी एवढ्यात थकलो."

खिशात कायम कापसाचं तूस. कबनूरला घरी गेले की मागाखालचं उडतं तूस डब्यात भरून आणायचे. "हे छातीत जातं तेव्हा माणूस मारतं," म्हणायचे, "त्याच्याकडून जरा चांगलं काम करून घेऊ." ताप उतरलेल्या पोरांना ओळीनं बसवायचे, तळहातावर तूस ठेवायचे आणि फुंकायला लावायचे. कुणाचं लांब जातं ही शर्यत. फुंकताना पोरांना जोर यावा म्हणून ओरडायचे, "दिशी! दिशी!" रशियनमध्ये श्वास घे म्हणायला असंच काहीसं म्हणतात म्हणे. आमच्या पोरांना ती सिनेमातली मारामारी वाटली. ती उठून एकमेकांना ठोसे मारायला लागली, "ढिशी! ढिशी!" डॉक्टर खूश. "मारामारीतही श्वास लागतोच," म्हणाले.

घरी गेल्यावर पोरांनी हा व्यायाम करावा तर फुगे फुटायचे आणि पिपाण्या हरवायच्या. मग त्यांना फुंकणी सुचली. चुलीत जाळ करायची लोखंडी नळी, घरोघर असतेच. वॉर्डात खिळ्याला एक फुंकणी टांगली गेली. जाणाऱ्या प्रत्येक आईला ते दाखवायचे. पोराला चुलीपासून लांब बसवा, समोर तूस ठेवा, फुंकणीतून फुंकू द्या. बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. पोरं त्यांना फुंक्या डाक्टर म्हणायची. तोंडावर म्हणायची. ते 'ओ' द्यायचे.

आणि मग तो दिवा आला.

कोल्हापुरात तेव्हा नुकते कुणाकुणाकडे रंगीत टीव्ही आले होते, म्हणजे बघा. रशियातल्या त्यांच्या एका गुरूंनी पाठवलेलं लेझरचं यंत्र. करड्या रंगाचा लांबट डबा, वर न कळणारी अक्षरं, पुढे वळती नळी, आणि तिच्या तोंडातून हरभऱ्याएवढा लाल ठिपका. तो पोराच्या छातीवर आणि पाठीवर ठराविक जागी थोडा वेळ धरायचा. त्यानं आतली सूज लवकर उतरते, असं तिकडे बघितलंय, म्हणायचे. मोठे डॉक्टर त्याला 'रशियन टॉर्च' म्हणायचे. इंजेक्शनं चालू ठेवायच्या अटीवर त्यांनी परवानगी दिली होती. त्या उजेडानं किती गुण येत होता ते मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टर स्वतः कधी म्हणाले नाहीत की दिव्यानंच बरं होतं. म्हणायचे, "औषध जंतू मारतं. श्वास पोरगं घेतं. दिवा फक्त सोबत करतो."

रोज त्याच जागी ठिपका पडावा म्हणून ते आधी छातीवर जांभळ्या औषधानं गोल काढून ठेवायचे. दोन पुढे, दोन पाठीला. डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून पोराच्या डोळ्यांवर काळं फडकं बांधायचे.

आता तुम्हीच सांगा, डोळे बांधलेलं पोर, अंगावर जांभळी वर्तुळं आणि वर लाल उजेड. कुठली आई तयार होईल? पहिल्या दिवसांत बायका पोराला उचलून चक्क जिना उतरायच्या. डॉक्टर मागून, "हे किरण आहेत! यांत उष्णता नाही!"

राधानगरीच्या पलीकडच्या एका वाडीवरून आलेली आजी या सगळ्यांत हट्टी. नात सहा-सात वर्षांची, डब्यानं आलेली. सून बिचारी मुकी बसलेली, बोलणारी आजीच.

"ह्यात ऊन न्हाय म्हणता, चटका न्हाय म्हणता, मग उपेग काय त्येचा?"

डॉक्टरांनी समजावलं. मी समजावलं. आजी नातीच्या छातीवर हात पालथा ठेवून बसून राहिली. दिवा चालू करून ठेवला होता, पुढची पोरं रडत होती, मला घरी जायचं होतं. डॉक्टर फोनसाठी खाली गेले आणि मी आजीच्या कानाशी लागले.

"आजी, डागच हाय समजा. दवाखान्याचा डाग. फक्त बिनचटक्याचा."

आजीचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय! डाग हाय काय. लावा की." आणि तिनं हात बाजूला घेतला. नातीला म्हणाली, "पड गं सरळ. डाक्टर बिनचटक्याचा डाग देत्यात."

डॉक्टर वर आले तर पोरगी दिव्याखाली निवांत पडलेली. "काय जादू केली, बाई?"

"काही नाही हो. समजावलं."

मला ठाऊक होतं त्या शब्दावर त्यांचा किती राग आहे ते. मी तो शब्द त्यांच्यापासून लपवला आणि बाकी सगळ्यांना वाटला. यानंतर एकही आई जिना उतरली नाही. बायकाच एकमेकींना सांगायच्या, "काय न्हाय होत, बिनचटक्याचा हाय." कुणी चेष्टेनं म्हणायची, "पोराच्या डब्याला डाक्टरचा डबा." मोठे डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही होता म्हणून ही टॉर्च चालली. मी फुशारले.

आजीची नात बरी झाली. जाताना डॉक्टरांनी तिला फुंकणी शिकवली, तूस उडवून घेतलं. शेवटच्या दिवसांत तिचा व्यायाम वेगळाच चालला होता. तिच्या घरी चंद्री नावाची म्हैस होती. रानात गेलेल्या म्हशीला लांबून हाक कशी मारतेस, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, आणि त्या पोरीनं एका दमात "चंद्रेऽऽऽ" अशी हाक मारली की तळमजल्यावरून शिपाई वर आला. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. ही हाक औषधाच्या चिठ्ठीवर लिहून द्यायला हवी, म्हणाले. आजीनं त्यांच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. राधानगरीकडे पाऊस सुरू झाला की ओढे वाडीवाडीला तोडून टाकतात. दुपारची वेळ होती. वॉर्डाच्या दारात तीच आजी उभी. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पोत्याची खोळ. मागे सून, मुलगा आणि मुलाच्या खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं पोर. नातीचा धाकटा भाऊ. चार वर्षांचा असेल.

आजी मला बघून धीर आल्यासारखी हसली. "बाई, आलो बगा. वड्याला पाणी हुतं, चार दीस निघताच येईना. पर आमी हात बांदून न्हाय बसलो. तुमचा इलाज घरातच केलाय."

"कसला इलाज?" मी विचारलं.

तोवर डॉक्टरांनी घोंगडी उलगडली होती.

त्या पोराच्या छातीवर दोन गोल होते. पाठ फिरवली, तिथे दोन. डॉक्टर जांभळ्या औषधानं काढायचे अगदी त्या जागी. बोटभरही इकडेतिकडे नाही. पण हे गोल जांभळे नव्हते. लालकाळे, फुगलेले, कडेनं पाणी सुटलेले, आणि मधोमध चांगली कातडी शिल्लक. फुंकणीच्या तोंडाएवढे.

त्या पोराची धाप तेवढी ऐकू येत होती. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते नेहमीसारखे पोराबरोबर श्वास घ्यायला लागले होते आणि मधेच थांबले.

"हे," ते म्हणाले. "हे कशानं?"

"फुकणीनं," आजी म्हणाली. "तुमीच दिलेलं अवजार नव्हं त्ये?"

"आजी, मी फुंकायला सांगितलं होतं."

"फुकून घेतलं की आदी. जोरच न्हाय त्येला. मग डाग दिला."

"डाग?"

"आवं, तुमच्यासारकाच. तुमच्यापाशी लाल दिवा हाय, तुमचा बिनचटक्याचा. आमच्यात दिवा कुटला? आमचा चटक्याचाच. जागा तेवढी तुमची धरली. पोरीच्या अंगाला तेल लावताना पाठ झालती मला." मग त्यांचा चेहरा बघून ती घाबरली. "का वो? जागा चुकली काय?"

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही, आजी. जागा बरोबर आहे."

मी खाटेचा दांडा धरून उभी होते. आजीनं एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. तिच्या लेखी दवाखाना म्हणजे एकच माणूस होता. सांगितलं ते दवाखान्यानं सांगितलं.

भाजल्यामुळे आजारानं हात धुऊन घेतला. छाती हलवली की कातडी ताणायची, म्हणून ते पोर वरच्यावर, चिमणीएवढा श्वास घ्यायचं. खोकायला गेलं की कळ यायची, म्हणून खोकला गिळायचं. आत कफ साठत गेला. औषधं, प्राणवायू सगळं चालू होतं. दुसऱ्या दिवशी ओठ निळसर दिसायला लागले. मोठे डॉक्टर येऊन बघून गेले आणि बापाला बाजूला घेऊन काहीतरी हळू आवाजात बोलले. बाप भिंतीला टेकून खाली बसला.

डॉक्टर पोराजवळ वाकून म्हणत होते, "फुंक रे राजा. खोक. एकदाच." पोर मान हलवून नको म्हणत होतं. तूस तळहातावरून हलत नव्हतं. पिपाणी तोंडात धरत नव्हतं. फुंकणी तर दाखवायचीच सोय नव्हती. खिळ्यावरची फुंकणी नर्सनं केव्हाच काढून ठेवली होती.

मग डॉक्टर उठले, पांढरा डगला काढून खाटेवर टाकला आणि वॉर्डाच्या फरशीवर चक्क हातापायांवर ओणवे झाले.

"मी चंद्री," ते म्हणाले. आणि हंबरले.

मोठे डॉक्टर दारात थबकले. एक नर्स रडत रडतच हसली. डॉक्टर मान हलवत, संथपणे, खाटेपासून लांब निघाले. थांबून एका खाटेखालची चादर ओढून चावली. पुन्हा हंबरले. पोर डोळे फाडून बघत होतं.

"चंद्री निघाली," डॉक्टर मागे वळून म्हणाले. "उसात चालली. पाटलाच्या उसात. आता पाटील मारणार तिला."

पोराचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"ऐकू नाही आलं. म्हशीचे कान लांब असतात, पण ऐकू कमी येतं." आणखी पुढे सरकले. दाराशी पोचले. "चालली बघ!"

"चंद्रे," पोर कुजबुजलं. चेहरा कळीनं वाकडा झाला.

"उसात शिरली!" डॉक्टर दाराबाहेर गेले. आता फक्त त्यांचे तळवे दिसत होते.

तिकडून आजी कळवळून म्हणाली, "हाक मार की रं, माज्या बाळा! म्हस जाती!"

"चंद्रेऽऽ!" पोर ओरडलं. कळ छातीत उठली तशी किंचाळून रडायला लागलं. रडता रडता खोकला आला, थांबवता आला नाही, पुन्हा आला आणि कफाचा गोळा बाहेर पडला. नर्सनं पुसून घेतला. डॉक्टर रांगतच परत आले, खाटेच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "म्हैस आली घरी." मग पुन्हा निघाले. संध्याकाळपर्यंत किती वेळा ती म्हैस उसात गेली, त्यांनाच ठाऊक. गुडघे सोलवटले होते. ओठांचा निळसरपणा दिवेलागणीला कमी झाला.

पोर वाचलं. खुणा राहिल्या असणार. तशा जात नाहीत.

पण तो वाचला म्हणून प्रकरण मिटलं नाही. बाप मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत येऊन गरजला, "आमी अडाणी हाय, कबूल! पर डाग असतोय असं आमास्नी तुमच्याच दवाखान्यात सांगितलं!" विश्वस्त आले. डॉक्टरांना बोलावलं, मला बोलावलं. एका विश्वस्तांनी सरळ विचारलं, "डाग हा शब्द इथं वापरला कुणी?"

मी तोंड उघडलं होतं. हे मी स्वतःची बाजू राखायला सांगत नाही. खरंच उघडलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "माझ्याच तोंडून गेला असणार. मी रोज त्यांना माझं पोट दाखवतो, हा डाग बघा म्हणतो. मग दिवा लावतो. त्यांनी दोन्ही एकच समजलं. माझं मराठी नीट नाही, साहेब. एवढी वर्षं बाहेर होतो." मग म्हणाले, "आणि घरी तरी कुठे बोलतो आम्ही."

विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात एक समाधान होतं, ते मला स्पष्ट दिसलं. कबनूरच्या विणकराच्या पोराचं मराठी कच्चं असणार, हे सगळ्यांना लगेच पटलं. मोठे डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तरी या बाई होत्या म्हणून बरं. नाहीतर आणखी काय काय समजले असते लोक."

मी तोंड मिटलं. जिला कुणी गप्प बसवू शकणार नव्हतं ती मी.

दिवा कपाटात गेला. कुणी सांगायच्या आत त्यांनीच ठेवला आणि किल्ली देऊन टाकली. पोट दाखवणं त्या दिवसापासून बंद. वॉर्डातला त्यांचा मोठा आवाजही गेला. आयांशी बोलण्याआधी ते मला कोपऱ्यात घ्यायचे. "बाई, 'शेक' म्हणू का 'ऊब'? शेक म्हटलं तर भाजतील का?" "बाई, 'छाती मोकळी करा' यात काही धोका आहे का?" शाळेतल्या पोरासारखे. मी सांगायची, हे म्हणा, ते नका म्हणू. ते मान डोलवायचे आणि तेच शब्द, त्याच क्रमानं, हळूहळू त्या आईसमोर ठेवायचे. चुकू नये म्हणून बोलताना माझ्याकडे बघायचे. बोलणं अवघड वाटलं की गप्प व्हायचे आणि सगळं मलाच सांगायला लावायचे.

कितीतरी वेळा वाटलं, आज सांगावं. त्यांच्या डोळ्यांतला तो विश्वास बघितला की मी त्यांना पुढचा शब्द तेवढा सांगायची. माझं लग्न झालं, मुलं झाली. माझ्या धाकट्याला खोकला झाला तेव्हा रात्रभर त्याच्या छातीकडे बघत बसले, आणि दिसत होते ते दुसरेच गोल. नवऱ्यालाही सांगितलं नाही. अलीकडे गुडघ्यासाठी एका ठिकाणी जाते. तिथल्या मुलीनं परवा लाल उजेडाची नळी माझ्या गुडघ्याला लावली आणि गोड आवाजात म्हणाली, "घाबरू नका मावशी, चटका बसत नाही." मला दरदरून घाम फुटला. तिला वाटलं साखर कमी झाली. बिस्किट दिलं तिनं.

डॉक्टर काही वर्षांनी दवाखाना सोडून गावी, स्वतःचा दवाखाना काढायला निघाले. निरोपाला चिवडा, पेढे आणि भाषणं होती. समारंभाआधी ते मला शोधत आले. जिन्याखाली उभे राहून म्हणाले, "बाई, मला त्या पोराबद्दल बोलायचं आहे. न बोलता गेलो तर बरं वाटणार नाही. एक शंका आहे. 'माझ्याकडून चूक झाली' म्हणू का 'मी चूक केली' म्हणू?"

माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. अजून वेळ होता. जिन्याखाली आम्ही दोघंच होतो.

"झाली म्हणा, डॉक्टर," मी म्हणाले. "ते बरं दिसतं."

त्यांनी दोन्ही वाक्यं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितली. मग मान हलवली. "झाली म्हटलं की कुणी केली ते कळत नाही. केली म्हणतो."

समारंभात ते बोलायला उभे राहिले. आभार मानले, पोरांच्या दोन गमती सांगितल्या, लोक हसले. मग म्हणाले, "या वॉर्डात एका लहान मुलाला माझ्या शब्दामुळे इजा पोचली. ती चूक मी केली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन, असं कुणीतरी माझ्या मागे म्हणालं. डॉक्टरांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं, शब्द बरोबर आले का म्हणून.

मी मान डोलावली.